ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं, आता बोलायचं कुणाशी?

कोरा_कागद

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. गेल्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ लागली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा (दूधनलिकेतून सुरू होऊन आसपास शिरलेला कॅन्सर), ग्रेड २, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असं लिहिलंय, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी आणि हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली. आधी ऑपरेशन, पुढचं त्यानंतर ठरेल.

उपचार कोणते घेऊ हे विचारायला आलेले नाही. डॉक्टर चांगले आहेत, त्यांच्यावर विश्वास आहे. अडलंय भलतीकडेच. ज्यांना कळलंय ते सगळे दोनच वाक्यं बोलतात, "पॉझिटिव्ह राहा" आणि "काही लागलं तर सांग". पहिल्याने डोकं फिरतं. दुसऱ्याचं करायचं काय ते कळत नाही. नवरा दिवसभर गप्प असतो आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर हेच वाचत बसतो. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी सहा. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आईला सांगितलं, तर आता मलाच तिला धीर द्यावा लागतोय.

यातून गेलेल्यांनी किंवा घरात कुणाचं पाहिलेल्यांनी लिहा. आधार नक्की कुठून मिळाला? ते ग्रुप वगैरे असतात त्यांचा खरंच उपयोग होतो का? आणि चमत्काराच्या गोष्टी नकोत, प्लीज.

रातवा

अगं-तुगं करते, चालेल ना? माझं निदान होऊन बरीच वर्षं झाली. तुझं "मलाच तिला धीर द्यावा लागतोय" वाचलं आणि हसू आलं, कारण हे जवळपास प्रत्येकीचं होतं. बातमी आपली, आणि डोळे दुसऱ्याचे पुसायचे.

सगळा आधार एकाच माणसाकडून मिळेल ही अपेक्षा आधी सोडून दे. नवऱ्याकडून तर नकोच नको, तो स्वतःच हादरलेला असतो. एक माणूस लागतो डॉक्टरांसमोर शेजारी बसून लिहून घेणारा. त्याने शक्यतो रडू नये. एक लागतो ज्याच्यासमोर रडता येईल. आणि एक अशी मैत्रीण लागते जी भेटली की कॅन्सरचा क सुद्धा काढणार नाही, ऑफिसातल्या कागाळ्या सांगेल. माझ्या बाबतीत ही तिसरी सगळ्यात उपयोगी ठरली. हे तिन्ही लोक बहुतेक वेळा वेगवेगळे निघतात, आणि कधीकधी अगदी अनपेक्षित. सख्ख्या बहिणीने फोन टाळावा आणि शेजारच्या बाईंनी, जिच्याशी जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नाही, दर वेळी हॉस्पिटलात सोडायला यावं, असं होतं. ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्यावर आत्ता शक्ती घालवू नकोस. पुष्कळ जण घाबरून पळतात.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांसाठी यादी करून ठेव. अमुक दिवशी हॉस्पिटलात ने-आण. मुलांना शाळेतून आणणं. औषधं आणणं. विम्याचे कागद भरणं (हे काम एखाद्या चिकट स्वभावाच्या नातेवाइकाला दे, त्याला मजा येते). आईलाही एक ठरावीक काम दे. तिचा अर्धा आकांत आपल्या हातात काही नाही याचा असतो.

दुसरं, बातम्या देण्यासाठी घरातला एकच माणूस नेम. रिपोर्ट आला की बारा जणांना तीच कथा सांगणं हे केमोइतकं थकवणारं असतं. त्या माणसाने सगळ्यांना एकच निरोप पाठवायचा, शेवटी "सध्या फोन करू नका, ती करेल" असं लिहून.

आणि एक खुलासा, विचारला नाहीस तरी. ग्रेड आणि स्टेज या वेगळ्या गोष्टी आहेत. गाठीतल्या पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते ग्रेड सांगतो. आजार कुठवर गेलाय ते स्टेज सांगते. "ग्रेड २" ऐकून कुणी नातेवाईक "दुसरी स्टेज" अशी हाकाटी पिटेल. पिटतोच कुणीतरी.

भटकी_वाट

रातवा यांना +१. यादीचं तर अगदीच. माझ्या वहिनीच्या वेळी आम्ही कॅलेंडर करून सगळ्यांना पाठवलं होतं, लोकांनी आपापली नावं टाकली. लोकांना मदत करायची असते, फक्त नेमकी कोणती ते त्यांना सांगावं लागतं.

दुपारतिढा

"पॉझिटिव्ह राहा" याने डोकं फिरतं ते योग्यच आहे. त्यामागची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे.

१९८९ साली डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. शरीरात पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रिया होत्या. त्यातल्या काहींना वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसवून बोलतं केलं, भीती, मृत्यू, घरचे लोक, दुखणं, सगळ्यावर. बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. ग्रुपमधल्या स्त्रिया अभ्यासात आल्यापासून सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! बातमी जगभर पसरली आणि तिथून "मन खंबीर तर कॅन्सर हरतो" या समजाला विज्ञानाचा शिक्का मिळाल्यासारखं झालं. खरं तर त्या ग्रुपमध्ये हसतमुख राहायला कुणी शिकवत नव्हतं. उलट, वाईटातलं वाईट उघड बोलायला लावत होते. पण हा तपशील वाटेत गळाला.

मग कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, २३५ स्त्रियांवर. २००१ मध्ये निकाल आला. ग्रुपमधल्या १७.९ महिने, बाकीच्या १७.६ महिने. म्हणजे आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांनी पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकूण आयुष्यमान वाढल्याचं दिसलं नाही.

आता गंमत बघा. गुडविन यांच्या अभ्यासात ग्रुपमधल्या स्त्रियांचं दुखणं आणि मनाचा त्रास कमी झाला. ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना फायदा जास्त झाला. ज्या मुळातच बऱ्या होत्या त्यांना फारसा फरक पडला नाही. तुमच्या "ग्रुपचा उपयोग होतो का" या प्रश्नाचं यापेक्षा नेमकं उत्तर मला तरी माहीत नाही. ग्रुपमुळे गाठ विरघळत नाही, पण दिवस कमी वाईट जातात. आणि तुम्ही मुळात तितक्या खचलेल्या नसाल, तर ग्रुपला न जाण्यात काही गमावत नाही.

दुसरी बाजू म्हणजे, रडलात, चिडलात, एखादा आठवडा अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही, तर त्याने आजार वाढत नाही. "ताण घेतलास म्हणून झालं" असं कुणी म्हणालं तर त्यालाही ठोस पुरावा नाही हे शांतपणे सांगा. अशांतपणे सांगितलंत तरी चालेल.

उंबरठा

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो. ताई, तो रात्री वाचत बसतो कारण दिवसा त्याला करण्यासारखं काही सापडत नाही. मीही तेच करायचो. पत्नीसमोर विषय काढायचा नाही, काढला तर तिला त्रास होईल, आणि तिला वाटायचं याला काही पडलेलीच नाही. दोघं एकमेकांना जपत होतो आणि घरात बोलायला कुणीच उरलं नव्हतं.

उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी. एक, वाचनाचं काम अधिकृतपणे त्याच्याकडे सोपवा. त्याने वाचावं, पण निष्कर्ष तुम्हाला ऐकवायचे नाहीत, प्रश्न वहीत लिहायचे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे. डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. त्या खोलीत सांगितलेलं अर्धं बाहेर पडेपर्यंत डोक्यातून जातं. दुसरं, त्याला सांगा की जगण्याच्या टक्केवारीचे जे आकडे दिसतात ते मागच्या रुग्णांचे असतात. पाच वर्षं जगण्याचा आकडा काढायला किमान पाच वर्षांपूर्वी निदान झालेले लोक लागतात. त्यांना मिळालेले उपचार कदाचित आज बदललेले असतील. आणि तो आकडा हजारो जणींचा मिळून असतो, एकीचा नसतो.

त्यालाही कुणीतरी लागेल. पुरुष आपणहून सांगत नाहीत. माझ्या एका मित्राने "चल, फिरून येऊ" एवढंच म्हणायला सुरुवात केली, आजाराबद्दल तो स्वतःहून एक शब्दही काढत नसे. चालता चालता मीच बोलायला लागलो.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारतिढा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो म्हणाला "हे लोक शहाणे दिसतात". त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मुलांचं कसं करू? आई म्हणते ऑपरेशन होईपर्यंत काही बोलू नकोस, उगाच घाबरतील. मला तर वाटतं थोरल्याला संशय आलाय.

सावली

मी कॅन्सर विभागात समुपदेशक आहे. सर्वसाधारण लिहिते, तुमच्या मुलांना तुम्ही जास्त ओळखता.

थोरल्याला संशय आला असेल तर त्याने बहुधा काहीतरी शोधलंही असेल. मुलांना सगळं कळत नाही, पण घरात काहीतरी लपवलं जातंय हे नक्की कळतं. आणि त्यांच्या डोक्यात जे उभं राहतं ते पुष्कळदा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी सांगा, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याच्या आधी सांगा.

धाकटीशी बोलताना "बाऊ झालाय", "बरं नाही" असं न म्हणता कॅन्सर हाच शब्द वापरा. नाहीतर पुढे तिला सर्दी झाली, तुम्ही "बरं नाहीये" म्हणालात, की ती हबकेल. सहा वर्षांच्या मुलांच्या मनात साधारण तीन प्रश्न असतात, विचारले नाहीत तरी. माझ्यामुळे झालं का? मला होईल का, शिवल्याने लागेल का? आणि माझं कोण करणार? तिन्हीची उत्तरं आपणहून द्या. शेवटचं सर्वात सविस्तर: शाळेतून कोण आणेल, रात्री कोण झोपवेल. त्या वयात हाच खरा प्रश्न असतो. आणि ती ऐकून "बरं" म्हणून खेळायला पळाली तर तिला कळलं नाही असं समजू नका. मुलं थोडंथोडं घेतात, मग चार दिवसांनी भलत्याच वेळी विचारतात.

तेरा वर्षांचा मुलगा "तू मरणार का?" असं थेट विचारू शकतो, किंवा मुळीच काही न विचारता दार लावून बसेल. थेट विचारलं तर खोटं वचन देऊ नका. "हे उपचार मी बरी व्हावी म्हणूनच आहेत, डॉक्टरांना तशी आशा आहे. काही बदललं तर तुला माझ्याकडूनच कळेल" इतकं पुरतं. यातलं शेवटचं वाक्य मात्र पाळावं लागतं. त्याला माहिती कुठे वाचावी तेही सांगून ठेवा, कारण वाचणार तो आहेच. दोघांच्याही वर्गशिक्षकांना कल्पना द्या.

केसांबद्दल आत्ताच काही सांगू नका. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठींमध्ये प्रत्येकीला केमो लागत नाही. काखेच्या गाठींत (म्हणजे लिम्फ नोड्समध्ये) आजार नसलेल्या बऱ्याच जणींना गाठीच्या जनुकांच्या चाचणीवरून केमो वगळता येतो, हे २०१८ मध्ये टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. ठरलं तर केस जायच्या आधी सांगायला वेळ मिळतो. साधारणपणे पहिल्या केमोनंतर दोनतीन आठवड्यांनी गळायला लागतात.

आणि तुमच्यासाठी. पुष्कळ कॅन्सर केंद्रांत ० ते १० अशी एक पट्टी असते, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्यावर खूण करायची. ४ किंवा त्याहून वर खूण गेली तर पुढे तपासावं असा संकेत आहे. तुमच्याकडे कुणी दिली नाही तर मागा, किंवा नर्सला तोंडी सांगा. "झोप लागत नाही" असं सांगणं "मी खचलेय" असं सांगण्यापेक्षा सोपं असतं, तिथून सुरुवात करा.

निसर्गमित्र

ताई केमो रेडिएशन हे विष आहे. औषध कंपन्यांचा धंदा. बायोप्सीने सुई टोचल्यावर कॅन्सर पसरतो हे डॉक्टर सांगत नाहीत. माझ्या ओळखीच्या बाईंनी फक्त नैसर्गिक उपचार घेतले आज ठणठणीत. संपर्क करा.

दुपारतिढा

आलेच. धागाकर्तीने सुरुवातीलाच चमत्काराच्या गोष्टी नकोत म्हटलं होतं, तरी उत्तर देतो, कारण नवीन कुणी वाचत असेल.

बायोप्सीमुळे ब्रेस्ट कॅन्सर अंगभर पसरतो हे खरं नाही. उलट, बायोप्सीशिवाय ईआर, पीआर, हर-टू कळत नाही आणि उपचारच ठरत नाहीत. नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा अमेरिकेतल्या नोंदींवरून अभ्यास झालाय, येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी केला. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये अशा रुग्णांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. आणि हे लोक सरासरीने तरुण होते, त्यांना इतर आजार कमी होते.

योग, ध्यान, अ‍ॅक्युपंक्चर हे उपचारांच्या जोडीला घेण्याबद्दल कुणाची तक्रार नाही, मळमळ आणि झोपेसाठी अनेकांना बरं वाटतं. पण पोटात घ्यायची कुठलीही पुडी, गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, काही गोष्टी केमोच्या औषधांशी भांडतात.

प्रशासक

वरच्या एका प्रतिसादातला फोन नंबर काढला आहे. औषधांची जाहिरात इथे चालणार नाही. प्रतिसाद उत्तरासकट ठेवला आहे.

तिसरी_रांग

मी पुरुष आहे आणि मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. आता तुमच्यातले निम्मे वाचक मागे जाऊन वाक्य परत वाचतील, सवय आहे. ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण एखादा पुरुष असतो, किंवा त्याहूनही कमी. मला निप्पलमागे कडक गाठ लागली आणि मी ती बरेच दिवस "लागलं असेल कुठेतरी" म्हणून सोडून दिली.

तपासणीच्या खोलीबाहेर बसलो की नाव पुकारणारी मुलगी मला ओलांडून माझ्या बायकोकडे बघायची. फॉर्मवर "शेवटची पाळी कधी आली" असा रकाना. पहिल्यांदा राग आला, मग त्यात उत्तर म्हणून "वाट बघतोय" असं लिहून दिलं.

ग्रुपला एकदा गेलो. सगळ्या स्त्रिया, अगदी प्रेमाने वागल्या, पण मी आल्यावर त्यांचं बोलणं अडखळलं. त्यांना ज्या गोष्टी बोलायच्या होत्या त्या माझ्यासमोर बोलता येईनात. मग एका नर्सने त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका पुरुष रुग्णाला विचारलं आणि दोघांची गाठ घालून दिली. आम्ही आजतागायत फक्त फोनवरच बोलतो. एकच माणूस, पण तोच आजार, तेच टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी), त्याच गरमीच्या लाटा. मला तेवढं पुरलं. म्हणून सांगतो, ग्रुप जमला नाही तर "माझ्यासारखं एखादं माणूस आहे का" एवढंच विचारा. नर्सना सगळं माहीत असतं.

जाता जाता, पुरुषाला झाला असेल तर जनुकीय तपासणीचं जरूर विचारावं. बीआरसीए-२ या जनुकात दोष असला तर तो मुलीकडेही गेलेला असू शकतो आणि मुलाकडेही.

मुक्काम_पोस्ट

धागा वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. माझा चौथ्या स्टेजचा आहे, हाडांमध्ये. कोरा_कागद, तुझ्या रिपोर्टवरून तुझी गोष्ट वेगळी आहे, माझं वाचून घाबरू नकोस. पण इथे माझ्यासारख्या आणखी जणी गुपचूप वाचत असणार, त्यांच्यासाठी.

मी आधी ज्या ग्रुपात होते तिथे केमो संपली की टाळ्या वाजायच्या, "जिंकलीस" म्हणायचे. माझा आजार परत आला तेव्हा तिथे माझ्यासाठी शब्दच नव्हते. मला बघून बाकीच्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. त्यांचा दोष नाही. मी त्यांची भीती होते. मग मीच जाणं थांबवलं आणि फक्त पसरलेला आजार असलेल्या स्त्रियांचा ऑनलाइन गट शोधला. तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "सध्या कितवं औषध?" इतकं साधं विचारलेलं मला महिन्यांत कुणी नव्हतं. आमच्याकडे उपचार संपत नाहीत. एक औषध चालतंय तोवर चालतं, मग दुसरं. पूर्ण बरं होणं हा हेतूच नसतो. लढाई, विजय या भाषेत हे बसत नाही. औषध थकलं तर मी हरले असं कसं म्हणायचं?

स्कॅनच्या आधीचे दिवस अजूनही वाईट जातात. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे: स्कॅन आणि निकालाची भेट यांत अंतर कमीत कमी ठेवायला सांगायचं, आणि निकाल फोनच्या अ‍ॅपवर एकटीने उघडायचा नाही.

पॅलिएटिव्ह टीमचं नाव काढलं की घरचे दचकतात, म्हणजे आता संपलं. तसं नाही. दुखणं, मळमळ, झोप यांवर काम करणारे ते तज्ज्ञ आहेत, उपचारांच्या जोडीने भेटायचं. माझी पाठदुखी त्यांनीच आटोक्यात आणली. मी लवकर भेटले याचं मला बरं वाटतं.

रातवा

मुक्काम_पोस्ट, लिहिलंस ते बरं केलंस. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

जुनी_वही

एकीने दुसरीला भेटून सांगायची ही पद्धत कुठून आली याबद्दल थोडं. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीझ लॅसर या बाईंचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी सर्जन हॅल्स्टेड यांची पद्धत चालायची, स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढायच्या. पुढे हात कसा उचलायचा, कपडे काय घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे लॅसरबाईंना कुणीही सांगितलं नाही. मग त्यांनी स्वतःच 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला. ऑपरेशन झालेल्या बायका नव्या रुग्णांना हॉस्पिटलात भेटायला जायच्या. सोबत व्यायामासाठी रबरी चेंडू, दोरी आणि ब्रात घालायला तात्पुरता पॅड. बऱ्याच सर्जन लोकांना ही लुडबुड वाटायची. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने उपक्रम आपल्याकडे घेतला आणि तो अनेक देशांत गेला.

तेव्हा आणखी एक प्रकार चालायचा. बाईला बायोप्सीसाठी भूल द्यायची, टेबलावरच तपासायचं, कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर येऊन हाताने चाचपल्यावर तिला निदान कळायचं. रोझ कुशनर या पत्रकार बाई स्वतः रुग्ण होत्या, त्यांनी याविरुद्ध जोरदार आघाडी उघडली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने बायोप्सी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं असं सांगितलं. पुढे सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासातून नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं तरी जगण्यात फरक पडत नाही हे सिद्ध झालं, २००२ मध्ये त्याचे वीस वर्षांचे निकाल आले. आज निदान आणि ऑपरेशन यांच्यामध्ये जो विचार करायला, दुसरं मत घ्यायला वेळ मिळतो, तो रुग्णांनी भांडून मिळवलेला आहे. तो वापरा.

संथ_लाट

सगळे सुरुवातीबद्दल लिहिताहेत, मी शेवटाबद्दल लिहिते. उपचार चालू असतात तोवर माणसं असतात. शेवटचं रेडिएशन झालं की सगळे म्हणतात "सुटलीस!" आणि आपापल्या कामाला लागतात. हॉस्पिटलही "आता तीन महिन्यांनी या" म्हणतं. मला खरं कोसळल्यासारखं झालं ते तेव्हा. तोवर विचार करायला वेळच नव्हता. त्यामुळे यादीतली चारदोन माणसं नंतरसाठी राखून ठेव.

हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच वर्षं, काहींना दहा. गरमीच्या लाटा, सांधे आखडणं, झोप मोडणं. हे सगळं "छोटे त्रास" म्हणून आपण सांगत नाही आणि मग गुपचूप गोळ्या सोडून देतो. सोडू नकोस, सांग. गोळी बदलता येते, उपाय असतात. टॅमॉक्सिफेन चालू असेल आणि नैराश्यासाठी कुणी औषध लिहून दिलं तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध कळू दे, कारण पॅरोक्सेटिनसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात. आणि टॅमॉक्सिफेन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, पाळी थांबली असली तरी. हे मला ओपीडीत कुणी सांगितलं नव्हतं, ग्रुपमधल्या एका मुलीने सांगितलं.

नवराबायकोतल्या गोष्टी, कोरडेपणा, इच्छा नसणं, आरशासमोर उभं न राहवणं, हे इथे लिहायला संकोच वाटतो. पण होतं सगळ्यांना. डॉक्टरांना विचारायचं असेल तर कागदावर लिहून पुढे कर, मी तसंच केलं. व्यनि कधीही कर.

काखेतल्या गाठी काढल्या तर हात सुजण्याची धास्ती असते. पूर्वी सांगायचे जड काही उचलू नका, आयुष्यभर. आता तसं नाही. हळूहळू, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली वजनं उचलल्याने सूज वाढत नाही, असं अभ्यासातून दिसलंय. ज्यांना सूज होती त्यांच्यातली ती भडकण्याचं प्रमाण उलट कमी झालं. फिजिओथेरपिस्टला ऑपरेशनच्या आधीच एकदा भेटून घे.

कोरा_कागद

पुन्हा आले. ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या आठवड्यात. गाठच काढणार आहेत, आणि काखेतून तपासणीपुरत्या एकदोन गाठी. त्यांत काही निघालं तर काखेचं जास्त काढावं लागेल आणि ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) लावतील म्हणाले.

मुलांना सांगितलं. धाकटीने "माझ्यामुळे झालं का" खरंच विचारलं हो, सावली! मी उत्तर पाठच करून ठेवलं होतं. मग तिने ठरवलं की रात्री बाबाने झोपवायचं नाही, तो गोष्ट चुकीची सांगतो, आजीने झोपवायचं. थोरला म्हणाला "मला माहीत होतं" आणि खोलीत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि वहीत दोन प्रश्न लिहून गेला. ही वही म्हणजे उंबरठा यांनी सुचवलेली, नवऱ्याची. आता ती तिघांची झालीय. त्याचा एक प्रश्न होता "आईला फुटबॉल बघायला कधीपासून येता येईल". डॉक्टरांनी तारीख दिली नाही, पण उत्तर दिलं.

मुक्काम_पोस्ट, तुमचं वाचून घाबरले नाही. म्हणजे घाबरले, पण वाचत राहिले.

आता एकच प्रश्न. ड्रेन लागलाच तर काय तयारी ठेवू? बॅगेत काय नेऊ?

मुक्काम_पोस्ट

पुढून बटणं असलेले सैल शर्ट, दोनतीन. काही आठवडे हात वर करून डोक्यावरून कपडा घालायला नको वाटतं. शर्टाला आतून खिसे शिवून घे, ड्रेनची बाटली त्यात राहते. नाहीतर गळ्यातल्या पट्ट्याला अडकवतात. काखेत ठेवायला छोटी मऊ उशी, गाडीत पट्ट्याखालीही तीच. लांब वायरचा चार्जर. बाटलीत रोज किती मिली जमलं ते वेळेसह लिहून ठेवायचं, कारण प्रमाण खाली आलं की ड्रेन काढतात. किती खाली, तो आकडा तुमच्याकडच्या नर्सना विचारून घे. हे काम थोरल्याला दे, तेरा वर्षांच्या मुलांना आकडे लिहायला आवडतात.

ताप आला, जागा लाल होऊन गरम लागली किंवा ड्रेनमध्ये अचानक ताजं रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. तो नंबर आधीच फ्रिजवर चिकटव.

रातवा

आणि बातम्या देणारं माणूस ठरलं का? ऑपरेशनच्या दिवशी तुझा फोन तुझ्याकडे नको.

कोरा_कागद

ठरलं. मावसबहीण. बँकेत आहे, नकार द्यायची सवय आहे तिला.